पायात कळ आली म्हणजे नस दबली असं नाही

साधी कंबरदुखी काय असते हे मी सांगायला नको. भात लावणाऱ्या, ऊस तोडणाऱ्या, दिवसभर स्टेअरिंग धरून बसणाऱ्या कुणालाही विचारा. वाकताना उसण भरते, उठताना कंबर धरते, बहुतेकांची काही आठवड्यांत उतरते. दहापैकी साधारण नऊ जणांत अमुकच मणका किंवा दोन मणक्यांमधली अमुकच गादी दोषी आहे, असं बोट ठेवून सांगताही येत नाही. 'साधी' म्हणजे कमी दुखणारी नव्हे, एवढं लक्षात ठेवा म्हणजे झालं.

घोळ होतो तो दुखणं पायात उतरलं की. मेडिकलवाला, पारावरचे आजोबा आणि आमच्याच पेशातले काही जण एका सुरात म्हणतात, "नस दबलीय." मी फिजिओथेरपिस्ट आहे. गावोगावच्या उपकेंद्रांत बसते आणि हे वाक्य आठवड्यातून वीसदा तरी ऐकते. बहुतेक वेळा ते चुकीचं असतं.

हृदयविकारात डावा हात दुखतो. तिथे हाताला काही झालेलं नसतं. दुखणं एका जागचं, जाणवतं दुसरीकडे. कंबरेचे स्नायू आणि सांधेही हेच करतात. त्यांचं दुखणं कुल्ल्यात, मांडीत, कधी पार गुडघ्यापर्यंत येतं आणि नस मात्र ठणठणीत असते.

ओळखायचं कसं? मी एवढंच म्हणते, "मावशी, कुठं दुखतंय ते हातानं दाखवा." मावशी अख्खा तळवा कुल्ल्यावरून मांडीवर फिरवतात. "हे असं, सगळंच ठणकतं बघा." नेमकी जागा सापडत नाही. हे उसनं दुखणं, कंबरेचं पण जाणवतं मांडीत. आणि कधीतरी एखादा माणूस तळवा वापरतच नाही. एका बोटानं कुल्ल्यापासून पोटरीच्या कडेनं थेट अंगठ्यापर्यंत रेघ ओढतो. करंट बसल्यासारखी कळ, त्याच पट्ट्यात मुंग्या, शिंकलं-खोकलं की वीज चमकते, आणि कंबरेपेक्षा पायच जास्त छळतो. ही नस. सायटिका म्हणायचं ते याला.

बोटाच्या रेघेवर थांबू नये. माणसाला आधी टाचांवर आणि मग चवड्यांवर दहा पावलं चालायला लावा. एका पायाचा पंजा वर राहत नसेल, चालता चालता चप्पल नकळत निसटत असेल, तर नसेची ताकद कमी झालीय, डॉक्टरांकडे पाठवा. याला यंत्र लागत नाही. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना पाच मिनिटांत जमतं आणि आशाताईंनाही शिकवता येतं. गावातच एवढं झालं तर निम्म्या लोकांची शहराची खेप वाचेल, असं माझं मत.

पण लोक आधी एमआरआय काढतात आणि रिपोर्ट घेऊन येतात. "मॅडम, मणक्यात गॅप पडलीय." या शब्दावर माझा राग आहे. रिपोर्टात बहुधा उलटंच लिहिलेलं असतं, दोन मणक्यांमधली जागा कमी झालीय असं! आणि तीही वयाची खूण. अजिबात न दुखणाऱ्या 3,000 हून जास्त लोकांच्या तपासण्यांचा आढावा 2015 साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या 37 टक्के आणि पन्नाशीतल्या 80 टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या होत्या. केस पांढरे होतात तसं. बोटाची रेघ आणि रिपोर्टातली जागा जुळली तरच त्या कागदाला अर्थ.

उपचारातला फरक लोकांना वाटतो तेवढा नाही. उसनं दुखणं असो की सायटिका, दोन्हींत हिंडतं-फिरतं राहायचं, झेपेल तसं काम वाढवत न्यायचं. पंधरा दिवस खाटेवर पडून राहणं दोन्हींत वाईट. सायटिकाही बऱ्याच जणांची दीड-तीन महिन्यांत ऑपरेशनशिवाय निवळते, सरकलेला गादीचा तुकडा अनेकदा शरीरच विरघळवून टाकतं. आणि कंबरेला बांधायचा पट्टा? जुनाट साध्या कंबरदुखीसाठी पट्टा आणि वजनं लावून कंबर ओढणं, दोन्ही वापरू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 मध्ये सांगितलंय. तरी पट्टा खपतोच.

सोबत ताप, वजन उतरणं, रात्री झोपू न देणारं दुखणं असेल तर आपल्याकडे मणक्याच्या क्षयाचा विचार आधी करायचा. आणि बसायच्या जागी बधिरपणा आला, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, तर तळवा-बोट काही बघत बसू नका. एमआरआयच्या नंबरची वाट न पाहता त्याच दिवशी, रात्र असली तरी, गाडी करून मोठं रुग्णालय गाठा.