सामूहिक हानी आणि पुनरुभारणी

युद्ध, आपत्ती, विस्थापन किंवा उपजीविका बुडणे यांमुळे एखाद्या समाजाच्या एकत्र जगण्याची घडी विस्कटते, तेव्हा त्याला सामूहिक हानी म्हणतात. मृतांची आणि पडलेल्या घरांची मोजदाद होते. शेजार, रोजची वाट, हाकेला ओ देणारे माणूस यांची होत नाही, आणि भरून यायला सर्वांत जास्त काळ लागतो तो यांनाच.

शोक ही निव्वळ मनात उमटणारी भावना नसून समूहाने आपल्या माणसांवर सोपवलेले कर्तव्य आहे, असे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी १९१२ मध्ये मांडले. एकत्र रडल्याने गेलेला परत येत नाही. पण मृत्यूने खचलेला समूह त्या जमण्यातून पुन्हा आपले बळ अनुभवतो.

जमायला शेजारीच उरले नाहीत तर काय होते, हे अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनियाच्या बफेलो क्रीक खोऱ्यात दिसले. २६ फेब्रुवारी १९७२ रोजी कोळसा खाणीच्या गाळाचा बांध फुटून १२५ माणसे दगावली आणि सुमारे ४,००० बेघर झाली. त्यांना तात्पुरत्या घरांच्या वसाहतींत जागा मिळाली, पण ती देताना कोण कोणाच्या शेजारी राहत होते याचा विचार झाला नाही. पाण्यातून वाचलेली माणसे अनोळखी दारांमध्ये एकटी पडली. समाजशास्त्रज्ञ काई एरिक्सन यांनी त्यांचा अभ्यास करून व्यक्तीचा आघात आणि समूहाचा आघात हे दोन वेगळे मानले. दुसऱ्यात नात्यांची वीणच उसवते.

जपानमधील कोबे शहरात १७ जानेवारी १९९५ च्या भूकंपानंतर हीच चूक चांगल्या हेतूने घडली. वृद्ध आणि अपंगांना प्राधान्य देत, सोडत काढून तात्पुरती घरे वाटली गेली. त्यामुळे अनेक म्हातारी माणसे जुन्या गल्लीपासून दूर गेली; काहींचा मृत्यू झाला तरी कोणाला पत्ता लागला नाही. अशा एकाकी मृत्यूला जपानीत ‘कोदोकुशी’ म्हणतात. मात्र त्याच कोबेत दहा लाखांहून अधिक स्वयंसेवक धावून आले, आणि १९९८ मध्ये स्वयंसेवी संस्थांना कायदेशीर दर्जा देणारा कायदा झाला. २०११ च्या त्सुनामीनंतर इवानुमा शहराने किनाऱ्यावरच्या वस्त्यांना, शेजार न मोडता, एकत्र नव्या जागी वसवले.

काय जपावे आणि काय काढून टाकावे, हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी येतो. हिरोशिमातील अणुबाँबने उद्ध्वस्त झालेली घुमटाची इमारत पाडावी, ती पाहवत नाही, असे अनेकांना वाटे. १९६६ मध्ये नगर परिषदेने ती जपण्याचा ठराव केला.

त्याच वर्षी, २१ ऑक्टोबरला, वेल्समधील ॲबरव्हॅन गावात खाणीच्या टाकाऊ मालाचा ढिगारा शाळेवर कोसळला. १४४ जणांचा बळी गेला. त्यांत ११६ मुले होती. डोंगरावरचे उरलेले ढिगारे हलवा, एवढेच गावकरी मागत होते. त्यासाठी सरकारने पीडितांकरिता जमलेल्या देणगीतूनच दीड लाख पौंड घेतले. ही गोष्ट इथे मुद्दाम नोंदवावी लागते, कारण न्याय नाकारला की शोकही संपत नाही. ती रक्कम गावाला परत मिळाली १९९७ मध्ये. दरम्यान, दुर्घटनेनंतर एकत्र जमणाऱ्या पुरुषांतून गावात एक गायकवृंद उभा राहिला होता.