गारगोटीतला थेंब आणि सोन्याची वाट

जून २०२२ मध्ये एक बातमी जगभर फिरली. युगांडात ३ कोटी १० लाख टन सोन्याचं धातुक, म्हणजे सोनं असलेला दगड, सापडलं असून त्यातून सुमारे ३ लाख २० हजार टन शुद्ध सोनं निघेल, असं तिथल्या खनिज खात्याकडून सांगण्यात आलं होतं. माणसाने आजवर जमिनीतून काढलेलं सगळं सोनं एकत्र केलं तरी ते दोन लाख टनांहून थोडंच जास्त भरतं. तेही बाजूला ठेवा. नुसता भागाकार केला तरी पुरे होतं. ३ लाख २० हजार भागिले ३ कोटी १० लाख, म्हणजे साधारण एक टक्का. एक टन दगडात दहा किलो सोनं! जगातल्या बहुतेक चालू खाणींत टनाला एक ते दहा ग्रॅम मिळतं आणि तेवढ्यावर त्या उत्तम चालतात.

हा भागाकार फारसा कोणी केला नाही. सोन्याचा साठा म्हणजे पुरून ठेवलेला गुप्तधनाचा हंडा, अशी कल्पना आपल्या मनात पक्की बसलेली आहे. हंडा असला की त्यात किती आहे याला मर्यादा उरत नाही. मी खनिज-प्रणालींवर संशोधन करते, आणि मला रोज दिसतं ते याच्या नेमकं उलट. साठा कोणी ठेवलेला नसतो. एकामागून एक बऱ्याच घटना जुळून याव्या लागतात, तेव्हा कुठे तो घडतो.

भूकवचाच्या सरासरी एक टन खडकात सोनं असतं एक ते चार मिलिग्रॅम. म्हणजे सोनं सगळीकडे आहे, पण कोणाच्याही उपयोगाचं नाही. खाण चालायची तर निसर्गाने ते निदान हजारपट एकवटलेलं असावं लागतं. तांब्याला शंभराच्या आसपास पट पुरते. लोखंड तर भूकवचात मुळातच पाच टक्के आहे, त्याचं उत्तम धातुक साठ टक्क्यांचं, म्हणजे जेमतेम बारापट. हे एकवटणं कसं घडलं, हा आमचा प्रश्न.

तेल शोधणारे भूवैज्ञानिक तेल कुठे तयार झालं, कुठून वाहिलं, कुठे अडलं आणि त्यावर झाकण कोणतं बसलं, असा विचार आधीपासून करत होते. १९९४ साली ऑस्ट्रेलियातल्या भूवैज्ञानिकांनी धातूंच्या साठ्यांसाठीही तशीच मांडणी केली. धातूचा उगम, वाहून नेणारा द्रव, त्याला हलवणारी ऊर्जा, वाट, धातू खाली पडण्याचं कारण, आणि नंतरच्या कोट्यवधी वर्षांत साठा झिजून न जाणं. यातलं एक जरी हुकलं तरी खाण नाही. म्हणून आम्ही फक्त सोन्याचा कण शोधत बसत नाही, त्याची वाट शोधतो. वाट शेकडो किलोमीटर लांब असू शकते आणि नकाशावर दिसते. साठा मात्र एखाद्या टेकडीएवढाच असतो.

उगमाबद्दल थोडक्यात सांगते. डोंगररांगा तयार होताना समुद्रतळाचा जुना बेसाल्ट खोल दाबला जातो. त्यातल्या हिरवट खनिजांच्या रचनेत पाणी बांधलेलं असतं. तापमान पाचशे अंशांच्या आसपास गेलं की ती खनिजं मोडतात आणि पाणी सुटतं, सोबत कार्बन डायऑक्साइड आणि गंधक. गंधक फार महत्त्वाचं. सोनं नुसत्या पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पण गंधक आणि हायड्रोजनच्या जोडीने बनलेले दोन आयन, म्हणजे विद्युतभारित कण, सोन्याच्या एका अणूला दोन्ही बाजूंनी धरतात, आणि मग ते पाण्यातून प्रवास करू शकतं. प्रमाण तरीही अगदी किरकोळ. समजा एक टन पाणी आपल्यामागे १० मिलिग्रॅम सोनं टाकून गेलं. तर शंभर टनांच्या साठ्यासाठी दहा घन किलोमीटर पाणी एकाच अरुंद वाटेने जायला हवं.

दहा किलोमीटर खोलवरच्या घट्ट खडकातून एवढं पाणी जातं कसं? माझा सगळा जीव या प्रश्नात अडकलेला आहे.

त्या खोलीवर वरच्या खडकाचा भार दर चौरस सेंटिमीटरला सुमारे पावणेतीन टन असतो. पृष्ठभागापर्यंत मोकळी वाट असलेल्या पाण्याचा दाब त्याच खोलीवर सुमारे एक टन. आता एक तीव्र उताराचा प्रस्तरभंग डोळ्यांसमोर आणा, म्हणजे खडकातली अशी मोठी भेग, जिच्या दोन बाजू एकमेकींवरून सरकतात. भेग बंद आहे. खालून पाणी येतंय, वर जायला जागा नाही. दाब एकावरून दोनावर, अडीचवर चढत जातो. उभट भेग सहजासहजी सरकत नाही, कारण भूपट्टांचा रेटा तिला आडवा दाबून धरतो. पण पाण्याचा दाब खडकाच्या भारापर्यंत पोहोचला, किंचित वर गेला, की पाणीच दोन्ही बाजूंना एकमेकींपासून उचलतं. भेग सरकते. वर भूकंप जाणवतो. खाली साठलेलं पाणी उघडलेल्या वाटेने वर धावतं, दाब कोसळतो, पाण्यातली सिलिका गारगोटी होऊन भेगेच्या भिंतींवर चढते आणि काही काळाने वाट पुन्हा बुजते. मग परत दाब चढू लागतो. प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखं हे चालतं, फक्त दोन शिट्ट्यांमध्ये दहाएक वर्षं किंवा काही शतकंही जाऊ शकतात. १९८८ साली सिबसन, रोबेर आणि पोल्सन या भूवैज्ञानिकांनी ही झडपेची कल्पना सोन्याच्या शिरांना, म्हणजे गारगोटीने भरलेल्या अशा भेगांना, लावून दाखवली.

दाब कोसळतो त्या क्षणी सोन्याचं काय होतं? सोड्याची बाटली उघडल्यावर फेस येतो तसा पाण्यातला वायू वेगळा होतो. कार्बन डायऑक्साइड जातो, आणि त्याच्यासोबत हायड्रोजन सल्फाइडही जातो. सोन्याला धरून ठेवणारं गंधक निघून गेलं की सोनं पाण्यात राहूच शकत नाही. शेजारचा खडक लोहयुक्त असेल तर उरलेलं गंधक लोहाला जाऊन मिळतं आणि पायराइट तयार होतं. पिवळ्याधमक पायराइटला सोनं समजून लोक फसतात हे खरं, पण खरं सोनं कित्येकदा त्याच्याच अंगाखांद्यावर बसलेलं असतं.

अशी शीर कापून पाहिली तर गारगोटी एकसंध पांढरी नसते. तिच्यात कागदाएवढ्या पातळ काळसर रेषा एकीला एक समांतर जातात. प्रत्येक रेषा म्हणजे भिंतीपासून सुटलेला खडकाचा पापुद्रा, भेग एकदा उघडून मिटल्याची खूण. एका हातभर नमुन्यात मी अशा साठ रेषा मोजल्या आहेत. साठ वेळा जमीन हलली असणार, ती पाहायला कोणीही नसताना.

पण रेषांवरून पाणी कसं होतं ते कळत नाही. त्यासाठी गारगोटीचा एक दशांश मिलिमीटर जाडीचा काप दोन्ही बाजूंनी घासून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा. स्फटिक वाढताना त्यात जे पाणी अडकलं, ते अजून तिथेच असतं. केसाच्या जाडीहूनही लहान पोकळी, तिच्यात द्रव आणि द्रवात एक बुडबुडा. तो बुडबुडा कधीकधी थरथरत इकडून तिकडे जातो. अडीच अब्ज वर्षांपूर्वीच्या खडकातही तो हलताना दिसतो. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा बराच वेळ डोळा काढवला नाही.

ब्रिटिश भूवैज्ञानिक हेन्री सॉर्बी यांनी १८५८ सालीच यामागचं तत्त्व ओळखलं होतं. गरम पाण्याने पोकळी पूर्ण भरलेली होती, थंड होताना ते आकसलं, म्हणून बुडबुडा झाला. तर मग उलट तापवा. तीनशे अंशांच्या आसपास बुडबुडा लहान होत होत नाहीसा होतो, आणि पाणी अडकलं तेव्हा निदान एवढं तरी तापलेलं होतं हे कळतं. त्याआधी गोठवून घ्यायचं, कारण तापवताना पोकळी फुटण्याचा धोका असतो. कार्बन डायऑक्साइड गोठून पुन्हा उणे ५६.६ अंशांना वितळला तर तो शुद्ध. त्याच्या खाली वितळला तर बहुधा मिथेन मिसळलेला. पुढे पाणी आणि कार्बन डायऑक्साइड यांचा बर्फासारखा संयुक्त स्फटिक वितळतो. पाणी बिनमिठाचं असेल तर तो दहा अंशांपर्यंत टिकतो, साडेसातला वितळला तर मीठ सुमारे पाच टक्के. हे वाचायला किचकट वाटेल, पण हे तीन आकडे हाती आले की ते पाणी समुद्राचं, मॅग्माचं म्हणजे वितळलेल्या खडकाचं, की खोल खडकातून सुटलेलं, याचा अंदाज बांधता येतो.

आणि खरी गंमत शेजारशेजारच्या पोकळ्यांत असते. गारगोटीतल्या एकाच बारीक चिरेवर एक पोकळी द्रवाने भरलेली आणि तिच्या बाजूची जवळजवळ सगळी वायूने भरलेली, आणि दोन्ही एकाच वेळी अडकलेल्या असतील, तर त्या क्षणी पाण्यातून वायू सुटत होता. झडप उघडल्याची ती साक्ष. सोनं पडायची जागा हीच.

हे सगळं डावलून बेचक्याची काडी किंवा लोलक हातात घेऊन धातू दाखवणारे लोक आजही जगभर आहेत. आग्रिकोला या जर्मन विद्वानाने १५५६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या खाणविद्येच्या ग्रंथात स्पष्ट लिहिलं आहे की निसर्गाच्या खुणा ओळखणाऱ्या खाणकामगाराला अशा काडीची गरज नाही. पावणेपाचशे वर्षांनंतरही तेच सांगावं लागतं. उपग्रहाच्या चित्रावरून घरबसल्या सोनं सांगणाऱ्या जाहिरातीही मला काडीच्याच वंशातल्या वाटतात. उपग्रहाला जमिनीचा वरचा पापुद्रा दिसतो, दहा किलोमीटर खाली कधीकाळी बंद झालेली झडप नाही.

आमच्या कामात रिकामी शीर पुष्कळदा हाती येते. सध्या माझ्यासमोर तशीच एक आहे. खाणीपासून दोन किलोमीटरवरची, त्याच प्रस्तरभंगावरची, तशीच पट्टेदार गारगोटी, पायराइटही आहे. सोनं नाही. सगळ्या पोकळ्यांत बुडबुड्याचं प्रमाण सारखं, वायूने भरलेली एकही नाही. म्हणजे पाणी इथून गेलं, पण इथे फेसाळलं नाही. सोनं घेऊन वर गेलं. वरचा तो भाग केव्हाच झिजून वाहून गेला आहे, म्हणून आता आम्ही खालच्या नदीच्या वाळूचे नमुने घेतोय.