सदतीस ऐकून पोरगी त्र्याहत्तर लिहिते, त्यात तिची काय चूक?

गणपतीला गावी गेलो होतो, देवगडजवळ. पुतणी दुसरीत आहे, तिचा अभ्यास घेताना म्हटलं सदतीस लिही, तिने लिहिलं 73. एकोणतीस सांगितलं तर 39. वहिनी लगेच, बघा भावोजी, हिचं गणिताकडे लक्षच नसतं. मलाही आधी तसंच वाटलं, पण मग ती लिहिताना नीट बघितलं तर गंमत दिसली. सदतीस ऐकल्यावर तिने आधी 7 काढला आणि त्याच्या पुढे 3, म्हणजे जसं कानावर आलं अगदी तसंच. 'सद' आधी, 'तीस' नंतर. एकोणतीसमध्ये तर शेवटी चक्क 'तीस' ऐकू येतं, मग 39 लिहिलं तर काय बिघडलं? एकोण म्हणजे एक ऊन, एक कमी, हे त्या पोरीला कोणी सांगितलं होतं?

मराठीत अकरापासून नव्याण्णवपर्यंत बोलताना एकक आधी येतो आणि लिहिताना दशक आधी, आणि वरून प्रत्येक आकडा वेगळा सोंग घेऊन येतो. नुसता सात घ्या, सतरा, सत्तावीस, सदतीस, सत्तेचाळीस, सदुसष्ट, सत्याहत्तर. पन्नासचा 'वन्न' होतो, सत्तरचा 'हत्तर' होतो. आपल्याला सवय झालीय म्हणून काही वाटत नाही, पण सात वर्षांच्या पोराला शंभरपर्यंत जवळजवळ शंभर वेगळे शब्दच पाठ करावे लागतात. शेजारच्या कन्नडमध्ये एकवीसला 'इप्पत्तोंदु' म्हणतात, वीस आणि एक, जसं लिहितो तसंच बोलायचं. चिनी भाषेत तर अकरा म्हणजे सरळ 'दहा एक'.

हा ताप फक्त आपल्यालाच आहे असं नाही. जर्मनमध्येही 'एक आणि वीस' म्हणतात आणि तिथली लहान मुलंही असेच आकडे उलटे करतात. चेक भाषेतला प्रकार मला सगळ्यात भारी वाटतो, तिथे दोन्ही पद्धती चालतात, त्यामुळे संशोधकांना त्याच मुलांना तोच आकडा दोन्ही तऱ्हेने सांगून बघता आला आणि उलट्या पद्धतीत चुका जास्त झाल्या. पोरं तीच, डोकं तेच, फक्त शब्दांची ओळ बदलली. नॉर्वेने तर 1951 साली अधिकृतपणे दशक आधी बोलायचं ठरवलं, त्यामागे मोठं कारण टेलिफोन होतं, नंबर सांगताना गोंधळ व्हायचा म्हणून.

आपल्याकडे 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला आठवतंय ना, फडणवीस आडनावावरून विनोद सुद्धा झाले. गणिताच्या समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या, म्हणजे स्वतः गणितज्ञ, आणि जुनी नावं काढून टाकलेली नव्हतीच, दोन्ही शेजारी शेजारी दिली होती. पण भांडणात ते कोण ऐकतो. माझं मत विचाराल तर एकवीस मरायला नको, पण पोराला तिथपर्यंत जायला 'वीस एक'ची पायरी दिली तर भाषा काय बुडत नाही.

तरी नुसतं 'तीस सात' म्हटलं की झालं असंही नाही. मी ते करून बघितलं तर बाईसाहेबांनी 307 लिहिलं! तीसचे 30 आणि पुढे 7, बरोबरच आहे की तिच्या हिशोबाने.

शेवटी आई पुढे आली. उन्हाळ्यात राखून ठेवलेल्या काजूबिया काढल्या, चार करवंट्या मांडल्या आणि म्हणाली, "दहा झाले काय करवंटीत घाल गो, उरतील ते भायर ठेव." तीन करवंट्या भरल्या, चौथी रिकामीच राहिली, बाहेर सात बिया उरल्या. तीन दहे नि वर सात. मग मी पुठ्ठ्याची कार्डं कापली, 30 चं लांब कार्ड आणि 7 चं छोटं, छोटं कार्ड बरोबर शून्यावर ठेवायचं. शून्य झाकला गेला आणि 37 दिसलं तेव्हा ती दोन मिनिटं ते कार्ड उचलून खाली बघत होती, शून्य आहे ना अजून तिथे म्हणून. माझ्या मते खरं गणित त्या दोन मिनिटांत झालं, हातचा वगैरे पुढे सगळं याच्यावरच उभं आहे.

निघायच्या दिवशी तिला म्हटलं एकोणसाठ लिही. थोडं थांबली, बोटाने हवेत काहीतरी केलं, "साठला एक कमी," आणि 59. मग एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद, सगळे बरोबर. मी खुशीत म्हटलं आता नव्याण्णव. तिने 99 लिहिलं आणि वर बघून विचारलं, "काका, मग ह्याला एकोणशंभर का नाय म्हणत?"

गाडीची वेळ झाली होती, मी बॅग उचलली.