मध्यस्थ-प्रशिक्षणातील गटपद्धती

मध्यस्थ-प्रशिक्षणातील गटपद्धती : स्वतः निवाडा न देता पक्षकारांकडूनच तडजोड घडवून आणणारा मध्यस्थ तयार करण्याच्या सामूहिक अध्ययनरीती. भूमिकाभिनय, वर्तुळनिरीक्षण व सह-मध्यस्थी या त्यांतील प्रमुख होत. भारतात न्यायालयीन मध्यस्थांचे प्राथमिक प्रशिक्षण ४० तासांचे असते.

भूमिकाभिनयाचे जनकत्व बहुधा मानसोपचारतज्ज्ञ जेकब मोरेनो यांच्या व्हिएन्नातील नाट्यप्रयोगांकडे (सुमारे १९२१ पासून) दिले जाते. काही अभ्यासक मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांच्या कनेटिकट (अमेरिका) येथील १९४६ च्या कार्यशाळेस अग्रमान देतात. तेथे निरीक्षकांच्या टिपणांवरील चर्चेला सहभागी स्वतः येऊन बसले आणि गटाने आपल्याच वागण्याची चिकित्सा करण्याची प्रथा रूढ झाली. अभिनय मोरेनोंचा, चिकित्सा लेविन-परंपरेची, ही विभागणी अधिक ग्राह्य वाटते.

सातारा-सांगली भागात या पद्धतींचे मूळ गोतसभेत (मराठेशाहीतील गावच्या न्यायसभेत) शोधण्याचा मोह होतो. पाटील, कुलकर्णी, वतनदार व बलुतेदार एकत्र बसून तंटा ऐकत, हे खरे. तथापि पक्षकारांकडून आधी राजीनामा (निर्णय मान्य असल्याची कबुली) लिहून घेतला जाई, सभेचा निवाडा महजरात (निर्णयपत्रात) नोंदवला जाई आणि हरलेला येजितपत्र (हार मान्य केल्याचा लेख) देई. जेथे हार लेखी द्यावी लागते, ती रीत मध्यस्थीपेक्षा लवादाला जवळची. १९४२ नंतरच्या साताऱ्याच्या प्रतिसरकारची न्यायमंडळेही निवाडाच देत. तडजोडीवर भर दिला तो महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने (१५ ऑगस्ट २००७ पासून). तिचे प्रवर्तक, तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील हे तासगाव तालुक्यातील अंजनीचे.

भूमिकाभिनयात प्रत्येक पक्षकाराला वेगळी गुप्त चिठ्ठी मिळते. या भागासाठी भावाभावांतील बांधाचा किंवा विहिरीच्या पाळीचा वाद घ्यावा. थोरल्याच्या चिठ्ठीत जमिनीपेक्षा मानाची गोष्ट असते आणि मध्यस्थाने स्वतंत्र बैठकीत ती गोष्ट त्याच्या तोंडून काढून घ्यायची असते. पुढच्या फेरीत भूमिका बदलतात. धाकट्याच्या जागी बसल्यावर आपण मघाशी कोणाकडे झुकलो होतो हे प्रशिक्षणार्थीला उमगते, व्याख्यानाने ते साधत नाही. वर्तुळनिरीक्षणात एक गट मध्ये बसून मध्यस्थी करतो, बाकीचे भोवती मूक बसून टिपणे घेतात.

सह-मध्यस्थीत दोघे मिळून बैठक चालवतात. मध्यस्थी अधिनियम, २०२३ मध्ये सामुदायिक मध्यस्थीसाठी तीन मध्यस्थांच्या मंडळाची तरतूद असल्याने सह-मध्यस्थीचा सराव विशेष उपयुक्त ठरतो.