रेस वाढवून जुनी गाडी बंद पडायची थांबत नाही

"गाडी सिग्नलला बंद पडते? स्क्रू पिळून रेस वाढव, झालं काम!" साताऱ्यात हा सल्ला मी वर्षानुवर्षं ऐकतोय. तो चुकीचा आहे. कार्ब्युरेटरवाल्या (म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणारा भाग असलेल्या) जुन्या मारुती ८०० चं इंजिन गाडी उभी असताना मिनिटाला साधारण ८०० ते ९०० फेऱ्यांवर शांत चालायला हवं. तसं चालत नसेल तर बहुतेक वेळा कुठंतरी जादा हवा शिरतेय किंवा पेट्रोल कमी पडतंय. स्क्रूनं दोष फक्त झाकला जातो. वर पेट्रोल जास्त जळतं, आणि यवतेश्वर घाट उतरताना इंजिन गाडीला हवं तसं धरून ठेवत नाही. मला याचीच जास्त काळजी वाटते.

माझ्या गाडीत व्हॅक्यूमचा पाइप (इंजिन ज्यातून हवा ओढून घेतं तो रबरी पाइप) वरून धड दिसत होता. वाकवून बघितला तर खालून नखाएवढी चीर! पंख्यापासून हात लांब ठेवून, इंजिन चालू असताना तिथं बोट दाबलं. फुसफुस थांबली, थरथरही थांबली.

म्हणून आधी पाइप बघा, आणि ब्रेक दाबायला मदत करणारा ब्रेक बूस्टर असेल तर त्याचा जाड पाइपसुद्धा. मग आयडल जेट, म्हणजे गाडी उभी असताना इंजिनला पेट्रोल देणारं कार्ब्युरेटरमधलं बारीक भोक, हवेच्या प्रेशरनं साफ करा. त्यात तार घालू नका, भोक मोठं होतं. प्लग आणि एअर फिल्टरही बघून घ्या. स्क्रूला हात त्यानंतरच लावा.