केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा कोल्हापूर का रडलं

८ ऑगस्ट २०२४ ला रात्री नाट्यगृहाला आग लागली, दुसऱ्या दिवशी ज्यांचं नाव त्याला आहे त्या गायक-नट केशवरावांची जयंती होती, आणि सकाळी लोक येऊन नुसते उभे राहून बघत होते. बाहेरच्यांना वाटलं, एका थेटरासाठी एवढं काय? तर त्याची ही जरा जुनी गोष्ट.

शाहू महाराजांनी १९१५ मध्ये हे बांधलं, तेव्हा नाव होतं पॅलेस थिएटर. शेजारीच खासबागचं कुस्तीचं मैदान, म्हणजे इकडे शड्डू आणि तिकडे तान. महाराजांच्या दरबारी गवई कोण, तर अल्लादिया खाँसाहेब! तरुणपणी गाऊन गाऊन त्यांचा आवाज बसला होता म्हणे, मग जो आवाज उरला त्याच्यावर त्यांनी सगळी गायकी नव्याने बेतली, ती अवघड वळणांची. पुढे केसरबाई, मोगूबाई वगैरे गायिकांचा सगळा जयपूर-अत्रौली घराण्याचा पसारा त्यातूनच आला.

पण मला भारी वाटतात ते पडदे रंगवणारे. आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री (तेच बाबूराव पेंटर), मामे-आते की चुलत हा वाद नको, भाऊ म्हणू. केशवरावांच्या ललितकलादर्श या नाटक कंपनीसाठी दोघं पडदे रंगवायचे आणि रंगवता रंगवता त्यांना सिनेमाचं वेड लागलं. आनंदराव १९१६ मध्ये गेले, बाबूराव मागे हटले नाहीत, कॅमेरा विकत घ्यायचा तर पैसे कुठले, म्हणून घरचाच बनवला. १९१७ ची महाराष्ट्र फिल्म कंपनी, तिला पैसा लावला गायिका तानीबाई कागलकरांनी. म्हणजे गाण्याच्या कमाईवर सिनेमा उभा राहिला बघा. १९२० ला 'सैरंध्री' आला आणि टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटलं. शांताराम, दामले, फत्तेलाल हे सगळे त्याच कंपनीत तयार झाले, १९२९ ला बाहेर पडून प्रभात फिल्म कंपनी काढली ती पण कोल्हापुरातच, पुण्याला नंतर गेली.

आणि आबालाल रहिमान! मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत शिकलेला चित्रकार माणूस, पण फकिरासारखा राहायचा, कोटीतीर्थ तळ्याच्या काठावर तासन्‌तास पाणी आणि उन्हं रंगवत बसायचा. महाराज गेल्यावर त्यांनी स्वतःची कितीतरी चित्रं त्याच तळ्यात टाकून दिली असं जुने लोक अजून सांगतात. खरं-खोटं तळ्यालाच माहीत.

केशवराव स्वतः? जन्म १८९०, १९०८ ला म्हणजे अठराव्या वर्षी ललितकलादर्श काढली, १९२१ च्या जुलैत टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत बालगंधर्वांबरोबर संयुक्त 'मानापमान' गाजवलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात गेले. फक्त ३१ वर्षं. थेटराला त्यांचं नाव लागलं त्यानंतर कितीतरी वर्षांनी, १९५७ मध्ये. आमच्या शाळेचं गॅदरिंग पण तिथेच व्हायचं आणि आम्ही विंगेत वडापाव खात बसायचो, केशवराव कोण हे त्या वेळी कुणी विचारलं पण नाही.