शैक्षणिक सेवा सहकार मंडळे (न्यूयॉर्क राज्य)

अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात शेजारच्या स्कूल डिस्ट्रिक्टांनी मिळून शैक्षणिक सेवा चालविण्यासाठी उभारलेल्या प्रादेशिक संस्था. ‘बोर्ड्स ऑफ कोऑपरेटिव्ह एज्युकेशनल सर्व्हिसेस’ या इंग्रजी नावावरून ‘बोसीस’ या आद्याक्षरी नावाने त्या ओळखल्या जातात. स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे स्वतःचे निवडून आलेले मंडळ आणि सामान्यतः कर बसविण्याचा अधिकार असलेली स्थानिक संस्था. महसुली जिल्ह्याशी तिचा संबंध नाही. न्यूयॉर्क, बफलो, रॉचेस्टर, सिरॅक्यूज व याँकर्स ही पाच मोठी शहरे या मंडळांच्या कक्षेबाहेर आहेत.

मंडळांचा उगम 1948 च्या कायद्यात असला, तरी त्याच्या स्वरूपाविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक त्याचे मूळ 1910 च्या कायद्यात शोधतात. त्या कायद्याने निवडून येणारे शाळा आयुक्त जाऊन 1912 पासून पर्यवेक्षी विभागांचे (शाळांवरील देखरेखीसाठी पाडलेल्या विभागांचे) अधीक्षक आले. या मतानुसार मंडळ हा राज्य शिक्षण खात्याचाच विस्तारलेला हात ठरतो. दुसरा पक्ष ग्रामीण शाळांच्या परस्पर सहकार्यावर भर देतो. लहान डिस्ट्रिक्टला चित्रकला, संगीत किंवा शारीरिक शिक्षणाचा पूर्णवेळ शिक्षक परवडत नसे. तोच शिक्षक दोन-तीन गावांनी वाटून घेतला, की त्याचे वेतनही निघे आणि मुलांचा विषयही बुडत नसे. 1948 च्या कायद्याची रचना पाहता पहिल्या मतात तथ्य अधिक दिसते. कायद्याचा मुख्य हेतू ‘मध्यवर्ती विभाग’, म्हणजे राज्य व स्थानिक डिस्ट्रिक्ट यांच्या मधला स्तर, स्थापण्याचा होता आणि सहकार मंडळे ही तोवरची तात्पुरती सोय होती. मात्र तसा एकही विभाग प्रत्यक्षात आला नाही. तात्पुरती सोयच टिकली. शाळांच्या गरजेतूनच ती टिकली, हे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे मात्र नाकारता येत नाही.

साधारणतः 1955 नंतर व्यवसाय शिक्षण व विशेष शिक्षण ही मंडळांची प्रमुख कामे बनली. अपंग बालकांच्या शिक्षणाविषयीच्या 1975 च्या संघीय कायद्याने विशेष शिक्षणाला आणखी बळ मिळाले. 1950 नंतरच्या दशकात मंडळांची संख्या 80 च्या आसपास होती; विलीनीकरणानंतर ती 37 वर आली.

मंडळाचे सदस्य घटक डिस्ट्रिक्टांची शाळा मंडळे निवडतात. वर उल्लेखिलेला पर्यवेक्षी विभागाचा अधीक्षक हाच मंडळाचा मुख्य कार्यकारी अधिकारी असतो आणि त्या भागातील राज्य शिक्षण आयुक्ताचा प्रतिनिधीही असतो. उगमाचा वाद या दुहेरी पदात आजही जिवंत आहे. मंडळाला कर बसविता येत नाही. प्रशासकीय व भांडवली खर्च सर्व घटकांना उचलावा लागतो. सेवेचे शुल्क मात्र ती घेणाऱ्यालाच पडते. राज्य अनुदान डिस्ट्रिक्टच्या सांपत्तिक स्थितीनुसार बदलते व खर्चानंतरच्या वर्षी मिळते. अनुदानासाठी कर्मचाऱ्याच्या वेतनाचा केवळ 30,000 डॉलरपर्यंतचा भाग दीर्घकाळ धरला गेला. वेतने वाढत गेली तसा उरलेला भार डिस्ट्रिक्टांवर पडला, आणि गरीब ग्रामीण डिस्ट्रिक्टांना तो अधिक जाणवला. समतेसाठी उभारलेल्या योजनेतील ही गंभीर उणीव होय.

पेनसिल्व्हेनियातील 29 ‘मध्यवर्ती घटक’ आणि टेक्ससमधील 20 सेवा केंद्रे ही याच वर्गातील होत. आयोवात 1974 च्या कायद्याने काउंटी (राज्यातील जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग) शिक्षण व्यवस्थेच्या जागी 15 क्षेत्रीय संस्था आल्या; पुढे त्या 9 झाल्या. 2024 च्या कायद्याने त्यांच्याकडे थेट जाणाऱ्या निधीचा काही भाग डिस्ट्रिक्टांच्या हाती दिला.